टाचणीची अक्षरं

अँटवर्पच्या आमच्या कचेरीत
भिंतभर पडद्यावर एक नकाशा असतो.
निळे बाण जहाजांचे, करडे ट्रकचे,
आणि मादागास्करच्या ईशान्येला
एक हिरवा ठिपका. त्याच्यामागे बाण नाही.
माल इथून सुरू होतो, असं सांगायचं असतं पाहुण्यांना.
जणू तिथे नळ आहे.

आइस्क्रीमच्या डब्यावर एक पान छापायचं होतं,
'शाश्वत' या शब्दाशेजारी.
पानाला पुरावा लागतो,
म्हणून मला धाडलं:
ठिपक्याच्या मागे काय आहे, बघून ये.

ठिपक्याच्या मागे चिखल होता.
मग नदी, होडी, दोन तासांची चढण,
आणि तोंबोझाफी, अनवाणी,
माझ्या महागड्या बुटांची कीव करत.

व्हॅनिलाचं फूल सकाळी उघडतं
आणि दुपारच्या आत मिटतं, कायमचं.
इथल्या माश्यांना ते काम जमत नाही.
सोआझारा लिंबाच्या काट्याने
फुलातला पडदा उचलते, अंगठ्याने दाबते,
पुढच्या फुलाकडे वळते.
एका सकाळी हजारभर.
मग नऊ महिने.
नऊ, हे तिने बोटांवर नाही,
पोटावर हात ठेवून सांगितलं.

माझ्या तक्त्यातला चौदावा प्रश्न:
मालाचा माग काढता येतो का?
उपग्रह, प्रत्येक पोत्याला चौकोनी कोड,
सगळं मी पिशवीत घेऊन आले होते.
तोंबोझाफीने वेलीवरची एक हिरवी शेंग उलटी केली.
बारीक टिंबं. टिंबांची अक्षरं. *त झा ७.*
खिशातून काढलं बाटलीचं बूच,
त्यात उलट्या खोचलेल्या टाचण्या.
"चोर फार. म्हणून कोवळेपणीच टोचतो.
शेंग वाढते, नावही वाढतं.
उकळत्या पाण्यातून निघतं, उन्हातून निघतं,
काळं होतं, पण राहतं.
तुमच्याकडे पोचतं की.
वाचलं नाहीत कधी?"

वाचलं होतं.
आमच्या तपासणीच्या वहीत त्याला रकाना आहे:
'सालीवरील डाग. दोन टक्के कपात.'
तो रकाना मीच आखला होता.

रात्री चुलीपाशी सोआझाराने विचारलं,
तुमचे पैसे कधी येतात?
जहाज लागल्यावर नव्वद दिवसांनी, मी म्हटलं.
ती हसली नाही.
घरातला भात फेब्रुवारीत संपतो.
तेव्हा दलाल येतो आणि फुलावरच सौदा करतो,
शेंग धरायच्या आधी, पडेल त्या भावाला.
मग कोण थांबेल नऊ महिने?
मग कच्चीच तोडतात, वास भरायच्या आत.
मग डोंगरावरचं रान जाळतात, भातासाठी.
आम्ही त्याला पुरवठा म्हणतो.
त्यात कुणाला काय पुरतं, हे विचारत नाही.
साखळी म्हटलं की मला कड्या दिसायच्या.
त्या रात्री दाराची कडी दिसली,
आमच्या दाराची,
आतून लावलेली.

परत आले. पानाचा पुरावा दिला नाही.
तीन गोष्टी मागितल्या:
अर्धी रक्कम फुलोऱ्यात.
पाच वर्षांचा ठरलेला भाव.
आणि त्या रकान्यावर काट.
खरेदीप्रमुख देक्लेर्क भला माणूस आहे.
त्याने चष्मा पुसत विचारलं,
"आणि डब्यावर काय छापायचं?"

काट मिळाली.
फुलोऱ्यातली रक्कम चाळीस घरांना,
एक वर्ष, करून बघू म्हणून.
भावाचं पुढच्या तिमाहीत,
असं ते तीन तिमाह्या म्हणताहेत.

काल तपासणीच्या टेबलावर नवीन मुलगा
एक काळी शेंग दिव्याखाली धरून होता.
"हा डाग?"
वाच, मी म्हटलं.
त्याने डोळे बारीक केले, मग बोट फिरवलं.
त. झा. सात.
"सात म्हणजे काय?"

सातवं शेत? सातवी वेल?
सातवं मूल?
ते विचारायचं राहिलंच.